आधी लघवी बघा, मग यंत्र

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका पशुसखीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



अध्यक्षताईंनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय सांगितलाय 'शेळीच्या किडनीची तपासणी'. विषय ऐकल्याबरोबर मागच्या सतरंजीवर कुणीतरी हसलं, ते मला इथवर ऐकू आलं. हसा बाई. आपल्या स्वतःच्या तपासण्या वर्षानुवर्षं राहून जातात आणि ही निघाली शेळीची किडनी तपासायला, असं कुणालाही वाटेल. पण मागच्या बैठकीत एक सूचना आली आहे. हातात मावणारं, गोठ्यातच रक्त तपासणारं यंत्र मिळतं, ते प्रभागसंघानं विकत घ्यावं आणि पशुसखींकडे द्यावं, अशी. आज त्यावर हात वर करायचे आहेत. त्याआधी माझं ऐकून घ्या. ते यंत्र मी जवळून पाहिलं आहे. आणि ते नव्हतं तेव्हा माझं काय झालं, तेही सांगते.

किडनी म्हणजे आपला गुर्दा. मटण आणताना सगळ्यांनी पाहिलाय, घेवड्याच्या दाण्यासारखा, गुळगुळीत. रक्त गाळायचं, घाण लघवीवाटे काढून टाकायची, कामाचं पाणी अंगात परत घ्यायचं, हे त्याचं काम. 'क्रिएटिनिन' हा शब्द तुमच्यातल्या पुष्कळ जणींना माहीत आहे, कारण भावकीत कुणाचं ना कुणाचं डायलिसिस चालू असतं. मांसपेशींतून रोज निघणारा हा कचरा. किडनी चालू असली की लघवीतून जातो, अडलं की रक्तात साठतो. शेळीचंही अगदी तसंच. निरोगी शेळीच्या रक्तात क्रिएटिनिन साधारण 1 ते 1.8 असतं, म्हणजे एका डेसिलिटर रक्तात तेवढे मिलिग्रॅम.

आता माझ्या बोकडाचं सांगते. पशुसखी होऊन मला दुसरंच वर्ष होतं. गटाचं कर्ज काढून उस्मानाबादी पाट घेतली होती, तिच्या पहिल्या वेताचा हा बोकड. खच्ची केलेला, काळाभोर, अंगानं भरलेला. बकरी ईदला विकायचा आणि कर्जाचे उरलेले हप्ते एकदम फेडायचे, असा हिशोब. म्हणून त्याला मका, गहू, वर गव्हाचा भुसा, असा खुराक चालू. चारा नावालाच. लोक म्हणायचे, काय बोकड केलाय!

ईदला बारा-तेरा दिवस राहिले असतील. सकाळी पाहते तर बोकड पाठ बाकदार करून उभा, शेपटी सारखी हलवतोय, जोर करतोय आणि ओरडतोय. मी काय समजले? संडास अडकली. गोडेतेल पाजलं. संध्याकाळी परत पाजलं. दुसऱ्या दिवशी गावात फिरणाऱ्या एकाला बोलावलं, त्यानं दुखण्याचं इंजेक्शन दिलं आणि पैसे घेऊन गेला. लघवी केली का, हे त्यानं विचारलं नाही. मीही बघितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी बोकड एकदम शांत झाला. जोर करणं थांबलं. मी घरात सांगितलं, उतार पडला. पोट जरा मोठं दिसत होतं, पण मला ते खाल्ल्याचं वाटलं. चौथ्या दिवशी पहाटे मेलेला.

सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांनी फाडून दाखवला. पोटात सगळी लघवी. मूत्राशय फुटलं होतं. लिंगाच्या टोकाला जी बारीक शेपटीसारखी नळी असते ना, तिच्यात रव्याएवढे खडे अडकलेले. तिसऱ्या दिवशी तो शांत झाला तो उतार नव्हता, तेव्हाच पिशवी फुटली होती. ताण गेला म्हणून कळ थांबली.

हे मी मुद्दाम एवढं सांगते, कारण बोकडाची लघवी अडणं आणि संडास अडणं बाहेरून सारखंच दिसतं. मादीला हा त्रास क्वचित होतो, तिची नळी आखूड आणि रुंद. बोकडाची लांब, मध्ये एस अक्षरासारखी वळलेली आणि टोकाला अगदी बारीक. फार कोवळ्या वयात खच्ची केला तर ती अरुंदच राहते. वर धान्याचा खुराक. धान्यात आणि भुशात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी, त्यातून खडे धरतात. खरं तर अंगात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट जायला पाहिजे.

मग ते यंत्र. गेल्या उन्हाळ्यात पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या एक डॉक्टर मॅडम आमच्या गावात शिबिराला आल्या, त्यांच्याकडे होतं. जुन्या लँडलाइनच्या रिसिव्हरपेक्षा थोडं मोठं. शेळीच्या मानेच्या शिरेतून रक्त घ्यायचं, दोन-तीन थेंब छोट्या चपट्या कार्ट्रिजमध्ये सोडायचे, कार्ट्रिज यंत्रात सारायची. दोन-तीन मिनिटांत पडद्यावर आकडे येतात. क्रिएटिनिन, युरिया, सोडियम, पोटॅशियम, साखर. एरवी हेच रक्त लॅबला पाठवलं तर उत्तर यायला दुसरा-तिसरा दिवस उजाडतो आणि तोवर शेळी वाट बघत नाही. म्हणून यंत्र चांगलंच आहे, त्यात वाद नाही.

त्या दिवशी पहिली शेळी आली ती आमच्या गटातल्या एका वहिनींची. व्यायलेली, तीन दिवस हगवण, डोळे आत गेलेले, खाली बसलेली. यंत्रानं क्रिएटिनिन दाखवलं 3.2. जमलेल्यांपैकी एकाला आकड्याचा अर्थ माहीत होता, कारण त्याच्या वडिलांचं डायलिसिस चालू. तो लगेच म्हणाला, "वहिनी, किडन्या गेल्या हिच्या. आहे तोवर विकून मोकळ्या व्हा." गर्दीत एक व्यापारीही होता. त्यानं तिथंच भाव केला, निम्म्याहून कमी. वहिनींचा चेहरा असा झाला, की मला माझा बोकड आठवला.

मॅडमनी विचारलं, "ही लघवी कधी करते? कुणी पाहिली?" कुणीच पाहिली नव्हती. मग त्यांनी शेळीला हळूच उठवलं आणि मागं स्टीलची वाटी धरली. तुम्हीही करून बघा, बसलेली शेळी उठवली की बहुतेक वेळा लगेच मुतते. थोडीशीच लघवी आली, गडद पिवळी. तिचा एक थेंब त्यांनी एका छोट्या दुर्बिणीसारख्या नळीच्या काचेवर ठेवला आणि उजेडाकडे धरून बघितलं. रिफ्रॅक्टोमीटर म्हणतात त्याला. म्हणाल्या, "लघवी चांगली दाट आहे. किडनी पाणी राखून धरतेय म्हणजे ती जिवंत आहे. हिला पाणी द्या."

मला हे नीट कळलं ते विहिरीवरून. समजा शेताला पाणी येत नाही. कारणं तीन. एक, विहीर आटली. दोन, मोटार जळाली. तीन, मोटार चालू आहे पण पुढं पाइप चोंदलाय. तिन्ही वेळा शेत कोरडंच दिसणार. क्रिएटिनिनचा आकडा म्हणजे ते कोरडं शेत. पाणी येत नाही एवढंच तो सांगतो, का येत नाही ते सांगत नाही. वहिनींच्या शेळीची विहीर आटली होती, हगवणीनं अंगातलं पाणी गेलं होतं. माझ्या बोकडाचा पाइप चोंदला होता. मोटार जळाली असती तर लघवी पाण्यासारखी पातळ झाली असती आणि तरी रक्तात क्रिएटिनिन चढलेलंच राहिलं असतं. हा फरक लघवीत दिसतो, यंत्रात दिसत नाही.

शेळीला शिरेतून सलाइन लावलं, नंतर घरी साखर-मिठाचं पाणी चालू ठेवलं. दोन दिवसांनी मॅडम परत आल्या तेव्हा क्रिएटिनिन 1.5. शेळी उभी होती, बाभळीच्या शेंगा खात होती. पुढच्या वेताला तिनं जुळी दिली. व्यापाऱ्याला आपण अजून चहा पाजतो, पण वहिनी त्याच्याशी जरा तुटक बोलतात.

युरियाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण रिपोर्ट हातात आला की आपण दोन्ही आकडे बघतो. शेळी रवंथ करणारं जनावर. तिच्या अंगातला बराच युरिया लाळेतून पोटात परत जातो आणि तिथले जंतू तो वापरून टाकतात. शिवाय पेंड जास्त खाल्ली तर युरिया वाढतो, उपाशी असली तर वेगळा दिसतो. म्हणून शेळीच्या किडनीसाठी क्रिएटिनिनवर जास्त भरवसा ठेवायचा. आणि आणखी एक घोळ. काही यंत्रं 'बीयूएन' दाखवतात, म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन, आणि काही लॅब आख्खा युरिया लिहितात. शेळीचं बीयूएन 10 ते 20 ठीक असतं. तेच युरिया म्हणून लिहिलं तर साधारण 21 ते 43 येतं, दुपटीहून थोडं जास्त. आकडा बघून घाबरायच्या आधी वर काय लिहिलंय ते वाचा. असाच एक 40 बघून आमच्या गावात एका घरात रात्रभर कुणी जेवलं नव्हतं, ती गोष्ट पुन्हा कधी.

उलटही लक्षात ठेवा. आकडा चांगला आला म्हणजे किडनी ठणठणीत, असं नाही. किडनीचा जवळजवळ पाऊण भाग निकामी होईपर्यंत क्रिएटिनिन वाढत नाही. किडनी मुकाट्यानं राबत राहते, आपल्यातल्या काही जणींसारखी.

दुसरं जनावर मात्र वाचलं नाही. वस्तीवरच्या एका आजींचा बोकड होता. दोन दिवस जोर करत होता, तिसऱ्या दिवशी शांत. मला बघताक्षणीच कळलं. मी काही बोलले नाही, मॅडमना यायला लावलं. पोट दोन्ही बाजूंनी पाण्याच्या पखालीसारखं. मॅडमनी आधी रक्त तपासलं, क्रिएटिनिन 7 च्या वर. मग सुईनं पोटातलं थोडं पाणी काढलं आणि तेही यंत्रात तपासलं, ते 19. म्हणाल्या, पोटातल्या पाण्याचं क्रिएटिनिन रक्ताच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त असेल तर ती लघवीच, पिशवी फुटलेली आहे. पोटॅशियमही चढलं होतं. पोटॅशियम चढलेल्या जनावराला भूल देऊन ऑपरेशन करणं म्हणजे टेबलावरच जीव जायची भीती. हे सगळं दहा मिनिटांत कळलं. यंत्राचा खरा उपयोग मला त्या दिवशी दिसला. आजींना निदान खरं काय ते कळलं आणि फुकट जाणारी चार इंजेक्शनं वाचली.

तोवर एकजण गाडी घेऊन आलाच होता, रात्रीच कापायला न्यायला. आजींना पैशाची गरज होती, मी कोण त्यांना सांगणार? पण त्या बोकडाला सकाळीच कुणीतरी अँटिबायोटिक आणि दुखण्याचं इंजेक्शन दिलं होतं आणि अंगात लघवी मुरलेली. ते मटण कुणाच्या तरी ताटात जाणार. मॅडमनी एवढंच सांगितलं, की हे खाण्यालायक नाही. आजी बराच वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "न्यायचं नाही." संध्याकाळी बोकड गेला. कानात बिल्ला नव्हता, म्हणून विम्याचा प्रश्नच नव्हता. गटानं त्यांचे दोन हप्ते पुढं ढकलले. तेवढंच आपल्या हातात होतं आणि ते आपण केलं, याचं मला बरं वाटतं.

औषधांचं बोलते. दुखण्याची औषधं आणि जेंटामायसिनसारखी काही अँटिबायोटिक्स किडनीवर ताण देतात. धडधाकट, पाणी प्यायलेल्या शेळीला डॉक्टरांनी दिलेला डोस ती सोसते. पण हगवणीनं सुकलेल्या शेळीला तेच इंजेक्शन दिलं तर जी विहीर नुसती आटली होती तिची मोटारही जळते. तुमच्यातल्या मोठ्या बायांना गिधाडं आठवत असतील. ती दिसेनाशी का झाली? डायक्लोफिनॅक दिलेली जनावरं मेली, ती गिधाडांनी खाल्ली आणि त्यांच्या किडन्या बंद पडल्या. म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली, 2023 मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवर. तरी माणसांच्या मेडिकलमधून आणून शेळीला टोचणारे आहेतच. तुमच्या दारात कुणी सिरिंज घेऊन आला, तर आधी कुपी हातात घ्या आणि नाव वाचा. वाचता येत नसेल तर लेकराला वाचायला लावा. रिकामी कुपी फेकू नका, डॉक्टरांना दाखवायला ठेवा.

आता यंत्र घ्यायचं का? माझं मत विचाराल तर आज घेऊ नका. कारणं सांगते. कार्ट्रिज फ्रिजमध्ये ठेवावी लागते. आपल्याकडे लाइट किती तास असते ते मी सांगायला नको. बाहेर काढली की ती थोडेच दिवस टिकते, आणि मुदत संपली की वापरलेली नसली तरी फेकायची. एक कार्ट्रिज एकदाच चालते. यंत्राला उन्हाळाही सोसत नाही. मॅडमच्या यंत्राला 16 ते 30 अंशांत काम करता येत होतं. दुपारी ग्रामपंचायतीच्या पत्र्याखाली त्यानं नुसता थर्मामीटरचा फोटो दाखवला आणि गप्प बसलं. बाकीच्या शेळ्या आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तपासल्या. आणि मानेच्या शिरेतून रक्त काढणं, आकड्यावरून औषध ठरवणं हे डॉक्टरांचं काम आहे. मी पशुसखी आहे, डॉक्टर नाही. सुई नीट नाही लागली, रक्त हलवलं गेलं, तर त्यातल्या पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटंच चढलेलं दिसतं. दोन वेगवेगळ्या यंत्रांचे आकडेही तंतोतंत जुळतीलच असं नाही, म्हणून एका शेळीचं पहिलं आणि दुसरं रक्त एकाच यंत्रावर बघायचं असतं. हे सगळं जिथं रोज शेळ्या येतात तिथं शोभतं, म्हणजे तालुक्याच्या दवाखान्यात. मराठवाड्यात उदगीर आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. प्रभागसंघानं यंत्रासाठी पैसे बाजूला काढण्यापेक्षा ठराव करून पंचायत समितीला आणि पशुसंवर्धन खात्याला पत्र द्यावं, की यंत्र दवाखान्यात ठेवा आणि महिन्यातून एक दिवस ते आमच्या गावात आणा. पत्राचा मसुदा मी लिहून आणलाय, अध्यक्षताईंकडे दिलाय.

आणि आपल्या हातात जे आहे ते उद्यापासून करा. सकाळी शेळ्या उठवताना पाच मिनिटं उभ्या राहा आणि कोण कशी मुतते ते बघा. धार आहे की थेंब थेंब, रंग कसा, बोकड जोर करतोय का, लिंगाजवळच्या केसांना वाळूसारखे कण चिकटलेत का. धार तुटली असेल तर तेल पाजत बसू नका, 1962 ला फोन लावा, फिरत्या दवाखान्याचा नंबर आहे, पैसे पडत नाहीत. डॉक्टर त्या टोकाच्या नळीतला खडा काढू शकतात, पण पहिल्या दिवशी. फोनवर तीन गोष्टी सांगा: शेवटची लघवी कधी पाहिली, हगवण किती दिवस आहे, आणि कोणतं औषध आधीच दिलंय.

ईदसाठी बोकड सांभाळणाऱ्यांनी खुराक एकदम वाढवू नका. चारा पोटभर द्या, तुरीचं भुसकट, शेवरीचा पाला. चारा चघळला की लाळ सुटते आणि जादाचा फॉस्फरस लेंडीवाटे जातो. मीठ चाटायला ठेवा म्हणजे पाणी जास्त पितात. पाणी स्वच्छ असू द्या, शेळी शेवाळलेल्या टाकीला तोंड लावत नाही हे आपल्याला माहीत असून आपण टाकी घासत नाही. नवसागर देतात हे खरं आहे, पण बोकडाच्या वजनावर आणि डॉक्टरांना विचारून, चिमटीच्या अंदाजानं नाही. चार-पाच महिन्यांच्या आत खच्ची करू नका.

प्रत्येक गटाला मी आज एक वही देणार आहे. शेळीचं नाव किंवा बिल्ला नंबर, पाणी, लघवी, औषध, एवढेच रकाने आहेत. यंत्र गावात येईल त्या दिवशी ही वही घेऊन या. आणि हो, वस्तीवरच्या आजी आज आल्या आहेत, तिथं खांबाजवळ बसल्यात. नवीन पाट घेतलीय त्यांनी. बिल्ला मारून घेतलाय. त्यांची वही पहिली माझ्याकडे आलेली आहे, नातवाच्या अक्षरात आहे, कुणाला बघायची असेल तर जेवणाच्या सुट्टीत बघा.